ब्रॅनिगनच्या बॅनरवरचा कुत्रा

मार्लो गावात एकेकाळी मोटारी बनत. ब्रॅनिगन नावाची कंपनी होती, ती १९६३ साली बंद पडली. तेव्हा निम्मं गाव बेकार झालं आणि उरलेल्या निम्म्या गावाकडे जेवायला येऊ लागलं, असं क्लेटन ओस्टरहाउस सांगायचा. मी इंडियानात आले तोवर कारखान्याच्या जागी मक्याची कोठारं उभी राहिली होती. तरी दर ऑगस्टमध्ये पाच-सहा राज्यांतून माणसं आपापल्या जुन्या ब्रॅनिगन गाड्या घासूनपुसून घेऊन यायची, कोठारांसमोरच्या मैदानात ओळीनं लावायची आणि तीन दिवस एकमेकांच्या इंजिनांत डोकी घालून उभी राहायची.

ही गोष्ट क्लेटनची बायको वर्ना हिची. वर्ना कापडी बॅनर छापायची. गावात कुठंही मान वर केली की तिचं काम दिसायचं. शाळेच्या बास्केटबॉल संघाचं, लुथरन चर्चच्या शुक्रवारच्या मासळी-जेवणाचं, अग्निशमन दलाच्या लिलावाचं, सगळं तिच्याच हातचं. तिच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर मी अकरा वर्षं भाड्यानं राहिले. काउंटीच्या इस्पितळात, लॅबमध्ये माझी नोकरी होती. जिन्यातून शाईचा वास वर यायचा, आणि शनिवारी ती मोठं काम काढायची तेव्हा माझ्या वरणालासुद्धा तो लागल्यासारखा वाटायचा. मी एकदा तसं म्हणाले तर तिनं दुसऱ्या दिवशी जिन्याच्या तोंडाला जाड पडदा शिवून लावला. बोलली काहीच नाही. तिचं सगळं असंच असायचं.

९६ सालच्या मार्चमध्ये रॉय टिबेट्स एक गुंडाळी घेऊन दुकानात आला. रॉय निवृत्त पोस्टमन आणि ब्रॅनिगन क्लबचा अध्यक्ष. त्याचे वडील कारखान्याच्या रंगखात्यात होते. शाळेत तो वर्नाच्या मागच्या बाकावर बसायचा, त्यामुळे दोघं एकमेकांशी आदरानं बोलण्याच्या फंदात कधी पडलेच नाहीत.

गुंडाळीत १९५७ सालचा साटीनचा बॅनर होता. विक्रेत्यांच्या दुकानांत टांगण्यासाठी कंपनीनं छापलेला. निळी मोटार, चालवणारा नवरा, शेजारी हात हलवणारी बायको, मागं एक मुलगी, आणि मागच्याच खिडकीतून बाहेर डोकं काढलेला, कान उडणारा तपकिरी कुत्रा. खाली मोठ्या अक्षरांत: "सगळ्यांना जागा आहे." हंगाम संपला की असले बॅनर जाळून टाका, असा कंपनीचा विक्रेत्यांना हुकूम असायचा. त्यामुळे या बॅनरच्या चारच प्रती शिल्लक असल्याचं क्लबला माहीत होतं. रॉयची प्रत त्याच्या आईनं पडद्यासाठी म्हणून मागून आणली होती. तिच्या एका कोपऱ्याला फुलाफुलांच्या कापडाचं ठिगळ होतं. कुत्रा मात्र सगळ्यांच्या ओळखीचा. क्लबच्या टोप्यांवर तोच, पत्रांवर तोच. त्याला सगळे 'कॅप्टन' म्हणत.

पुढच्या वर्षी क्लबचं पंचविसावं संमेलन होतं. त्यासाठी रॉयला हुबेहूब साठ प्रती हव्या होत्या. वर्नानं चष्मा डोळ्यांवर ओढला, साटीन बोटांत धरून बघितलं, किती रंगांत छापलंय ते मोजलं. मग विचारलं, "कुणाला विचारलंस?"

"काय विचारायचं?"

"छापू का म्हणून."

"वर्ना, कंपनी मेली तेव्हा आपण दोघं जेमतेम तिशीत होतो. कुणाला विचारू? स्मशानात जाऊ?"

"मेलेल्याच्या मागं कुणीतरी राहिलेलं असतं," ती म्हणाली. "शोध. नाहीतर मी शोधते."

रॉयनं तिला समजावून पाहिलं. ओहायोतला एक जण जुन्या जाहिराती बिनदिक्कत छापून विकतो, त्याला कुणी हटकलेलं नाही, वगैरे. वर्ना ऐकत राहिली आणि बॅनर पुन्हा गुंडाळायला लागली. तिचे हात असे चालायला लागले की बोलणं संपलं, हे रॉयला शाळेपासून माहीत होतं.

तिच्या या हट्टाचं कारण मला पुढं क्लेटनकडून कळलं. १९७१ साली गावाला शंभर वर्षं झाली, तेव्हा शताब्दीचं चिन्ह वर्नानं काढलं होतं. नदीवरचा पूल आणि त्याखाली बदकं. महिन्याभरात शेजारच्या काउंटीतला एक माणूस तेच चिन्ह चिनी मातीच्या बशांवर उमटवून विकू लागला. वर्ना गाडी काढून त्याच्याकडे गेली. तो भला माणूस होता, ओशाळला. म्हणाला, "मला वाटलं, ते कुणाचंच नाहीये." ती तशीच परत आली. भांडली नाही, काही मागितलं नाही. पण ते वाक्य तिच्या मनातून गेलं नाही. आपण तीन आठवडे बसून काढलेली बदकं कुणाचीच नाहीत असं एखाद्याला सहज वाटू शकतं, याचंच तिला नवल वाटत राहिलं.

तर तिनं पत्रं लिहायला घेतली. जुन्या कागदपत्रांवरून कळलं की ब्रॅनिगनचं नाव आणि उरलंसुरलं सगळं विस्कॉन्सिनमधल्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीकडे गेलं होतं. त्यांना तिनं तीन पत्रं पाठवली. पहिल्या दोनांना उत्तर आलं नाही. तिसऱ्यानंतर सात आठवड्यांनी दुकानातला फोन वाजला. पलीकडे ल्युडके नावाचे एक गृहस्थ होते, त्या कंपनीचं जुनं दप्तर सांभाळणारे. आवाजावरून सत्तरीचे. त्यांनी आधी दहा मिनिटं आनंदच व्यक्त केला. एकोणीस वर्षं ही खोकी सांभाळतोय, म्हणाले, पण आजवर कुणीही त्यांच्याबद्दल काही विचारलं नव्हतं.

त्यांनी करार शोधून काढला होता. चित्र टोलिडो शहरातल्या एका स्टुडिओमार्फत काढून घेतलेलं होतं. कंपनीला ते एका हंगामापुरतं छापायचा हक्क होता, नंतर चित्र चित्रकाराचं. कंपनीचं नाव आणि अक्षरं वापरायला पंपवाल्यांची काही हरकत नव्हती.

"आणि कुत्रा आमचा," ल्युडके म्हणाले.

वर्नाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"कुत्रा नंतर घातलाय, बाई, छपाईच्या प्रतीवर. ब्रॅनिगनच्या पगारी माणसानं. त्याची वेगळी चिठ्ठी आहे इथं. तेव्हा कुत्रा तुम्हाला खुशाल दिला. फक्त आमच्या स्वागतकक्षासाठी दोन प्रती पाठवा."

कुत्रा मिळाला, पण चित्र राहिलं. करारावर सही होती 'आय. केर्तेस'. स्टुडिओ कधीच बंद झालेला. वर्नानं टोलिडोच्या वाचनालयाला लिहिलं, चित्रकारांच्या संघटनेला लिहिलं. नाव हंगेरियन दिसतंय म्हणून शेवटी तिथल्या हंगेरियन चर्चला लिहिलं. चर्चच्या कचेरीतून चार ओळींचं उत्तर आलं: इलोना केर्तेस दर रविवारी येतात, तिसऱ्या बाकावर बसतात, वय त्र्याऐंशी, सोबत त्यांचा पत्ता.

वर्नाच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि क्लेटन शहरात गाडी चालवायला घाबरायचा, म्हणून मी तिला घेऊन गेले. दोन तासांचा रस्ता. वाटेत ती एवढंच म्हणाली, की ऐंशीच्या पुढची माणसं अनोळखी लोकांना बहुतेक वेळा 'नाही'च म्हणतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

इलोनाबाई लहानखुऱ्या होत्या, पाठीत वाकलेल्या, पण आवाज खणखणीत. आम्ही बसतो न बसतो तोच त्यांनी खसखशीचा रोल कापून पुढं ठेवला आणि कशाला आलात ते विचारलं. वर्नानं रॉयच्या बॅनरचा मोठा फोटो त्यांच्यासमोर धरला.

त्यांनी तो हातात घेतला नाही. टेबलावरच्या टेबलावर जरा लांब सरकवला.

"हा कुत्रा अजून जिवंत आहे?" त्या म्हणाल्या.

वर्नानं सांगितलं, की लोकांचा तो फार लाडका आहे. टोप्यांवर आहे, त्याला नावसुद्धा आहे. हे सांगायला नको होतं असं मला वाटलं, पण वर्ना विचारल्यावर लपवणाऱ्यातली नव्हती.

इलोनाबाई उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि बऱ्याच वेळानं एक मोठा पुठ्ठा घेऊन आल्या. जुन्या चादरीत गुंडाळलेला. तेच चित्र होतं, हातानं रंगवलेलं. निळी मोटार, नवरा, बायको, मुलगी. आणि कुत्र्याच्या जागी एक म्हातारा. डोक्याला काळी हॅट, मिशा पांढऱ्या, खिडकीवर हात टाकून बाहेर बघत बसलेला. कुठंतरी जायचंय म्हणून नव्हे; गाडीत बसायला मिळालं, एवढ्यावरच खूश असलेला.

"माझे बाबा," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं ते असं. स्टुडिओनं चित्रासाठी एक गाडी तीन दिवस मागवून घेतली होती. बाबा जन्मभर ओतकाम करणारे, स्वतःची गाडी कधी घेतलेली नाही. ते डबा पोचवायला आले आणि विचारलं, मी बसू का जरा. हॅट नीट केली आणि अख्खी दुपार मागच्या सीटवर बसून राहिले. इलोनाबाईंनी त्यांना तसंच रंगवलं. चित्र पाठवलं, कंपनीनं घेतलं. शरद ऋतूत गाड्या दुकानांत आल्या तेव्हा इलोनाबाई बाबांना कोट-टाय घालून मुख्य रस्त्यावरच्या शोरूममध्ये घेऊन गेल्या, त्यांचं चित्र दाखवायला. बॅनर दारातच टांगलेला होता.

"म्हाताऱ्यामुळे गाडी म्हातारी दिसते, असं कुणाचं तरी मत पडलं होतं. मला कळवलंसुद्धा नाही. बाबा बराच वेळ मान वर करून बघत राहिले. मग त्यांनी तिथल्या विक्रेत्याला विचारलं, या कुत्र्याचं नाव काय. त्याला माहीत नव्हतं. मग बाबा मला म्हणाले, चल, माझ्यापेक्षा तो देखणा आहे. हसले. पण त्यानंतर माझ्या स्टुडिओत ते कधी आले नाहीत. डबा कोपऱ्यावरच्या दुकानात ठेवून जायचे."

वर्ना फोटोवर वाकली होती. तीस वर्षं दुसऱ्यांच्या छपाईतल्या चुका हुडकलेली तिची नजर. तिनं फोटोत कुत्र्याच्या गळ्याखाली बोट ठेवलं. तिथं खिडकीच्या काठावर फिकट रंगाचे चार छोटे ठिपके होते. क्लबमधले लोक त्याला छपाईतली गडबड म्हणायचे.

"ही त्यांची बोटं आहेत," वर्ना म्हणाली. "हात पुसायचं राहून गेलं."

इलोनाबाईंनी तेव्हा फोटो पहिल्यांदा हातात घेतला. खिडकीजवळ नेला. परत आल्या तेव्हा त्यांचं ठरलेलं होतं. माझं चित्र छाप, त्या म्हणाल्या, बाबांसकट. कुत्र्यासकट नाही. चाळीस प्रती, आणि मग छपाईच्या जाळ्या धुऊन टाकायच्या, म्हणजे जास्तीची प्रत निघायला नको. वर्नानं ते सगळं कागदावर लिहून काढलं, दोघींनी सह्या केल्या, आणि उरलेला रोल आम्हाला बांधून मिळाला.

क्लबची बैठक जेवणाच्या हॉटेलातल्या मागच्या खोलीत असायची. तीसेक माणसं, समोर तळलेल्या पोर्कची सँडविचं, डोक्यावर कॅप्टनच्या टोप्या. वर्नानं उभं राहून सगळं सांगितलं. मग जो तो बोलायला लागला. असा बॅनर कुठल्याच दुकानात कधी टांगलेला नव्हता, मग ती प्रत कशाची? आम्हाला इतिहास हवाय, कुणाचे वडील नकोत. एकानं विचारलं, कुत्र्याची परवानगी मिळाली आहे ना, मग अडलंय कुठं? फोर्ट वेनहून आलेला एक संग्राहक सँडविच खाली ठेवून शांतपणे म्हणाला, बाई त्र्याऐंशीच्या आहेत, आपण दोन-चार वर्षं थांबू या की.

वर्नानं त्याच्याकडे नीट पाहिलं. "थांबा," ती म्हणाली. "पण तेव्हा छापायला दुसरं कुणीतरी बघा."

ती खाली बसली. मतदान झालं आणि वर्नाच्या बाजूनं चारच हात वर आले. त्यात रॉयचा नव्हता.

तीन दिवसांनी रॉय दुकानात आला. मी खाली भाडं द्यायला गेले होते. तो बराच वेळ शाईचे डबे न्याहाळत राहिला. मग म्हणाला, "मला तिच्याकडे घेऊन चल."

"भांडायला?"

"नाही. माझे वडील रंगखात्यात होते. त्या मोटारीचा निळा रंग ते घरी अंगावर घेऊन यायचे. आईनं हा बॅनर खिडकीला लावला तो त्या रंगासाठी. त्या घरात होतो तोवर मी हाच कुत्रा बघत झोपलोय. ती बाई काय म्हणते ते मला तिच्या तोंडून ऐकायचंय, तुझ्या नाही."

या खेपेला मी गेले नाही. जे झालं ते वर्नानं नंतर सांगितलं, तेही तुकड्या-तुकड्यानं. रॉयनं मूळ बॅनर इलोनाबाईंच्या टेबलावर पसरला. त्यांनी कुत्र्याकडे दुर्लक्ष करून ठिगळाला हात लावला आणि विचारलं, हे कुणी शिवलं? आईनं, तो म्हणाला. टाका चांगला आहे, त्या म्हणाल्या. मग दोघं आपापल्या वडिलांबद्दल बोलत बसले. एक ओतकाम करणारे, दुसरे रंग देणारे. दोघांनाही आयुष्यात ब्रॅनिगन गाडी घेता आली नव्हती. वर्ना म्हणाली, तिला तिथं काही कामच उरलं नाही, म्हणून तिनं भांडी घासली.

निघताना इलोनाबाईंनी तो सह्यांचा कागद वर्नाकडून मागून घेतला आणि आपल्या हातानं खाली एक ओळ वाढवली. रॉय टिबेट्स यांना कुत्र्याची एक प्रत द्यावी, कारण तो त्यांच्या खिडकीला होता. बाकी सगळ्यांना बाबा.

क्लबनं नाकारलं होतं, तरी वर्नानं त्याप्रमाणे छापलं. नऊ रंग, दर रंगाची वेगळी जाळी, दोन रंगांच्या मध्ये पूर्ण दिवस वाळवण. खाली उतरले की दोऱ्यांवर टांगलेले म्हातारे दिसायचे, आधी नुसत्या हॅट, मग मिशा, मग हात. निळा रंग जमेना. रॉयनं वडिलांच्या जुन्या हत्यारांच्या पेटीचं झाकण आणून दिलं, त्यावर चाळीस वर्षांपूर्वीचे शिंतोडे होते. त्यावरून वर्नानं रंग जुळवला. चाळीस बॅनर बाबांचे आणि एक कॅप्टनचा. मग जाळ्या धुतल्या आणि धुतल्याचं इलोनाबाईंना पत्रानं कळवलं.

संमेलनात बॅनर फारसे गेले नाहीत. क्लबमधल्या अकरा जणांनी घेतले, काही जरा संकोचानंच. दोन पंपवाल्यांना पाठवले. ल्युडके यांनी कळवलं की स्वागतकक्षात लावलाय आणि पाहुणे विचारतात, हे कंपनीचे संस्थापक का. सहा इलोनाबाईंकडे गेले. त्या स्वतः आल्या नाहीत, त्यांची भाची आली. ती मैदानात गाड्यांच्या रांगेतून फिरली आणि एका निळ्या सेडानच्या मालकानं तिला मागच्या सीटवर बसू दिलं. उरलेल्यांतले बरेचसे गावातल्या लोकांनी नेले. पूर्वी कारखान्यात शिवणखात्यात काम केलेल्या दोन बहिणींनी एक नेला, एक वाचनालयात लागला, एक मी घेतला.

पुढच्याच वर्षी ओहायोतल्या त्या माणसानं कुत्र्याचा बॅनर छापला. हलक्या कापडावर, रंग फिके, पण शेकड्यांनी खपला. संमेलनात त्याचा मंडप वर्नाच्या टेबलापासून वीस पावलांवर होता. फोर्ट वेनवाला संग्राहक तिथून दोन घेऊन तिच्यासमोरून गेला आणि तिला टोपी उचलून नमस्कार केला. तिनंही केला. वाईट नाही वाटलं का, असं मी संध्याकाळी विचारलं.

"वाटलं ना," ती म्हणाली. "त्यानं शिवण उलट्या बाजूनं घातलीय. पावसात पहिली तीच उसवेल."

आणि जरा वेळानं म्हणाली, "त्यानं बोटंही छापलीत. काय छापतोय, त्याला माहीतसुद्धा नाही."

इलोनाबाई त्याआधीच, ९७ सालच्या डिसेंबरात गेल्या होत्या. रॉय आणि वर्ना दोघं दफनाला गेले होते. रॉयनं त्यानंतर क्लबचं अध्यक्षपद सोडलं. का सोडलं, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

वर्नाचं मात्र एक नवीनच काम सुरू झालं. या भानगडीची गोष्ट गावात फिरली होती, आणि लोक तिच्याकडे छपाईऐवजी पत्रं लिहून घ्यायला येऊ लागले. चर्चच्या गायकवृंदाला एका जुन्या गाण्याच्या वहीच्या प्रती काढायच्या होत्या. शाळेच्या मास्तरांना एका मेलेल्या छायाचित्रकाराचे पुराचे फोटो स्मरणिकेत घालायचे होते. वर्ना पत्ता हुडकायची, साध्या शब्दांत लिहायची: आम्ही अमुक आहोत, आम्हाला हे आवडतं, आम्ही हे इतकंच करू, तुमची हरकत असेल तर करणार नाही. बहुतेकांचा होकार यायचा. काही तर इतके हरखायचे की ल्युडकेंसारखे फोनच करायचे. मी मार्लो सोडलं तेव्हा तिच्या कपाटात अशा उत्तरांच्या दोन फायली भरल्या होत्या.

सोडण्याआधीच्या उन्हाळ्यात अग्निशमन दलाला आपल्या जुन्या बॅनरवरचा घोडा पुन्हा छापून हवा होता. घोडा कुणी काढला ते कळलं होतं. एक बाई, लग्न होऊन नेब्रास्कात गेलेली. वर्नानं तिला दोन पत्रं पाठवली, दोन्ही पोचल्याची पावती आली, पण उत्तर नाही. दलाचे प्रमुख येऊन म्हणाले, गप्प बसली म्हणजे हरकत नसेल. वर्ना म्हणाली, गप्प बसली म्हणजे गप्प बसली. त्या वर्षी लिलावाचा बॅनर नुसत्या अक्षरांचा निघाला, पिवळ्यावर लाल. अक्षरं मात्र तिनं फार सुरेख काढली होती.